पियानोची जागा

ताई,

आमच्या बँडची रीत तुला ठाऊकच आहे. मी क्लॅरिनेटवर एक सूर धरतो आणि सगळे आपापली वाद्यं त्याला जुळवून घेतात; पियानो तेवढा ऐनवेळी जुळवता येत नाही. आज तालमीतही तसंच केलं, पण पियानो सुरू होताच सगळं बेसूर झालं. मी पियानोवालीवर उखडलो, "बाई, हा डबा आधी दुरुस्त करून घ्या!" एरवी ती कुणाचं ऐकून घेत नाही. आज मान खाली घालून म्हणाली, "बरं, दादा."

तेव्हा कुठे मला आठवलं. पियानो कालच सुरात लावून घेतला होता, माझ्यासमोर.

मला माझा सूर अगदी नीट ऐकू येत होता गं. बाबांनाही आपलं वाजवणं शेवटपर्यंत सुरेलच वाटायचं ना? त्यांचे कान जायला लागले तेव्हा घरी तू होतीस. सुरुवात कशी झाली, हे विचारायला फोन उचलला आणि परत ठेवला.

उद्या कार्यक्रम आहे. संध्याकाळी पाहिलं, तर मंचावर पियानोची जागा मोकळी. ट्रम्पेटवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या पियानो नको, दादा. आम्ही तुमच्या सुरावर येतो."

सुरात होता तो एकटा पियानोच, ताई. माझ्यासाठी त्यांनी त्यालाच बाहेर काढलंय.

तुझा घाबरलेला
धाकटा