मयताचं काम

सोमवार, ३ फेब्रुवारी

मयताचं काम! दुसरं काही मिळालं नाही ह्यांना. रणधीर सकाळीच आला. ह्यांच्या शाळेतला जुना विद्यार्थी, आता नाटकमंडळी चालवतो. शनिवारी उमरग्यात बाजार मैदानावर उघड्यावरच एकांकिका आहेत. कळंबची, अणदूरची मंडळी येणार. "गुरुजी, बोलायचं काही न्हाय, नुसतं पडायचं. लिंगायत घरातला म्हातारा वारतो, तिथून नाटक सुरू." आणि हे लगेच हो म्हणाले! माझ्या हातात इष्टलिंग होतं, पूजा चालू होती, म्हणून गप्प राहिले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज बोलले. "अहो, मी सवाष्ण बाई. माझ्या डोळ्यादेखत तुम्हाला उचलणार?" तर म्हणतात, "लई हलका आहे मी, त्यांना जड न्हाय जायचा." चेष्टा! मागच्या वर्षी दवाखान्यात छातीला वायरी लावून पडले होते, तेव्हा महादेवापुढं मी काय काय बोलले ते माझं मला ठाऊक. आता त्याच देवाच्या डोळ्यासमोर मरायचं सोंग!

अमरनाथ इथं असता तर बापाला अडवलं असतं. पण रान विकून पुण्यातल्या फ्लॅटला पैसे द्या म्हणाला, हे नाही म्हणाले— तेव्हापासून दोन वर्षं बापलेकात बोलणं बंद. दवाखान्याचंही ह्यांनी त्याला कळू दिलं नाही. मला फोन करतो. "ह्यांना देऊ का?" म्हटलं की ठेवून देतो. दोघंही हट्टी मेले. मधे मी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तालीम बंद पाडायला गेले होते. बघते तर ह्यांना तिरडीवर आडवं टाकलेलं! तिरडी! म्हटलं, "रणधीर, नाटकातलं घर कुणाचं?" "लिंगायतांचं की, काकू." "मग आमच्यात मयत आडवं नेतात व्हय रे? बसवतात. विभूती लावून, हार घालून, भिंतीला टेकवून. माती देतात तीही बसवूनच." तर म्हणतो, "काकू, मग तुम्हीच बसवून दाखवा." आणि मी दाखवलं! मान कशी ठेवायची तेसुद्धा. घरी आल्यावर माझं मलाच कळेना, मी गेले कशाला होते.

वर ती प्रतीक्षा, बायकोचं काम करणारी, ह्यांच्या गळ्यात पडून बांगड्या फोडते. नवरा माझा आणि हंबरडा तिचा!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मयताला धोतर मागायला आले. विरलेलं दिलं. नवं मागत होते!

शनिवार, ८ फेब्रुवारी

जायचं नव्हतं. शेजारच्या हरणाबाईनं ओढून नेलं. फोन बंद करा म्हणून माईकवर सांगितलं, मी केला. बाकी सगळे खुशाल फोटो काढत होते.

पडदा नाही, काही नाही. दिवे लागले आणि हे बसलेले. कपाळभर विभूती, डोळे मिटलेले, मान कललेली. शेंगदाणेवालासुद्धा ओरडायचा थांबला. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात जोडले! मी ह्यांच्या छातीकडं बघत राहिले, हलते का. हलेना. श्वास ठेवला कुठं ह्या माणसानं? प्रतीक्षानं बांगड्या फोडल्या आणि मी आपल्या पदरात हात लपवले.

टाळ्या वाजल्या तसे उठून हसत नमस्कार घालतात! तळपायाची आग मस्तकात गेली. हरणाबाई म्हणते, "गुरुजींचा फोटो लई भारी आलाय, गल्लीच्या ग्रुपवर टाकला." म्हटलं, "टाक, तुझ्या नवऱ्याचा टाक असला!"

आमच्यात सुतक पाळत नाहीत, तरी ह्यांना अंघोळ करायला लावली. ह्यांचा फोन नाटकाआधी बंद करून रणधीरकडं दिला होता, तो तिथंच राहिलाय. माझा मी चालू केला नाही. कुणाचं कौतुक ऐकायचं नाही मला.

रविवार, ९ फेब्रुवारी

उजाडता दार वाजलं. अमरनाथ. डोळे सुजलेले, हातात हार.

गल्लीतल्या मित्रानं तो फोटो पाठवला, खाली शब्द नाही. "तुमच्या दोघांचे फोन बंद. आणि अव्वा, बसवलेलं दिसलं... मग कशाला शंका येती?" तेवढ्यात हे आतून चहाची बशी फुंकत आले. बघतच राहिला. मग गल्ली जागी होईल असा ओरडला, "अप्पा, लाज वाटत न्हाय व्हय तुम्हाला?" हे म्हणाले, "हळू बोल. आणि तो हार खाली ठेव आधी."

जुंपलीय दोघांची. मधे पडले नाही. भांडू देत. पोहे तिघांचे भिजवलेत.