आरोपीनं कसं उभं राहावं

प्रिय दादा,

सोमवारी तुझी तारीख आहे. काल वहिनी येऊन गेली. तूच पाठवलं असणार, कारण ती आपणहून माझ्या खोलीचे जिने चढणारी नाही. ती काय म्हणाली ते पुढे लिहितो, आधी कामाचं बोलू. आरोपीच्या पिंजऱ्यात तू कधी उभा राहिलेला नाहीस आणि मी राहिलोय. म्हणजे आयुष्यात एका तरी विषयात मी तुझ्यापेक्षा मोठा झालो म्हणायचं. तेव्हा मुकाट्यानं ऐक.

वेळेच्या बराच आधी पोच. बाहेरच्या बाकावर पाय पसरून बसू नकोस, तिथूनच सरकारी वकील ये-जा करतात आणि त्यांचं सगळीकडे लक्ष असतं. साधा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. ते जाडजूड सोनेरी घड्याळ घरी ठेव, कोर्टात ते बघून कुणाला तुझी दया येणार नाही. मोबाइल बंद म्हणजे बंदच, नुसता आवाज घालवून खिशात टाकू नकोस. माझ्या वेळी एका माणसाचा थरथरला तर शिपायानं त्याला बाहेर काढलं. न्यायाधीश साहेब आत आले की उठायचं, ते बसल्याशिवाय बसायचं नाही. खिशात हात नाहीत, हाताची घडी नाही. विचारलं तेवढंच बोलायचं, तेही उभं राहून. आणि मुख्य म्हणजे साक्षीदार बोलत असताना त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, मान हलवायची नाही, उसासे टाकायचे नाहीत. आरोपीचा चेहरा सगळे वाचत असतात.

हे मी तुला काय सांगतोय म्हणा. तूच तर मला शिकवलंस. आठवतं ना, आपल्या वर्कशॉपमध्ये लिफ्टच्या मोटारीचं रिकामं खोकं उपडं घालून तू माझा पिंजरा केलास आणि स्वतः फिरत्या खुर्चीवर न्यायाधीश होऊन बसलास. वहिनी चहा घेऊन आली तर तिला साक्षीदार केलंस. ती मुद्दाम काहीच्या बाही आरोप करायची, बारक्यानं माझं लोणी खाल्लं, बारक्यानं माझी कात्री मोडली, आणि मला हसू आवरायचं नाही. मी हसलो की तू स्पॅनर टेबलावर आपटायचास आणि म्हणायचास, पुन्हा पहिल्यापासून. कोर्टाच्या दिवशी सकाळी माझ्या नव्या शर्टाचं गळ्याचं बटण तूच लावलंस. आई गेल्यावर शाळेत धाडताना लावायचास अगदी तसंच, हनुवटी वर करायला लावून. मला वाटलं, दादा आहे ना, मग कोण काय वाकडं करणार आहे माझं.

लिफ्ट पडली तेव्हा ज्या बाई आत होत्या, त्या पाचव्या मजल्यावर शिवणकाम शिकवायच्या. कमरेचं हाड मोडलं, आता काठीशिवाय चालत नाहीत. त्या साक्षीला आल्या तेव्हा मी मान खाली घातली ती लाजेनं, तुझ्या शिकवणीमुळे नाही. कारण ब्रेक झिजलाय हे मला माहीत होतं. आणि तुलाही माहीत होतं, दादा. ब्रेकचे पट्टे काढून मी तुझ्या टेबलावर ठेवले होते, नखानं खरवडून दाखवलं होतं की आता खाली नुसतं लोखंड राहिलंय, लिफ्ट बंद करू या. तू म्हणालास, इमारतीचा सेक्रेटरी कटकट करतो, एवढे दिवस चालली तशी आणखी थोडे दिवस चालेल, परत बसव. मी परत बसवले. सांगकाम्या तो सांगकाम्याच. तुझा शब्द मोडायची मला सवयच नव्हती.

त्यानंतर साक्षीला तू आलास. सरकारतर्फे. मला वाटलं काहीतरी चूक झाली, शिपायानं भलतंच नाव पुकारलं. तू तुझा करडा कोट घातला होतास, आवाज खाली, चेहरा पडलेला. म्हणालास, मी त्याला पट्टे बदलायला सांगितलं होतं, तो म्हणाला चालतील, धाकटा भाऊ म्हणून मी विश्वास ठेवला, माझंच चुकलं. काय सुरेख बोललास. मागे बसलेल्या एका बाईंनी तर डोळे टिपले म्हणे. आणि मी काय करत होतो? तू शिकवलेलं. साक्षीदाराकडे बघायचं नाही, म्हणून तुझ्याकडे बघितलं नाही. मान हलवायची नाही, म्हणून हलवली नाही. जमिनीवरच्या एका फुटक्या फरशीकडे बघत मी खांबासारखा उभा. बाहेर पडताना कुणीतरी माझ्याबद्दल म्हणालं, खाली मुंडी, पाताळ धुंडी. ते अजून कानात आहे.

तुरुंगात मी यावर खूप डोकं खपवलं. आधी वाटायचं, दादा घाबरला असेल. धंदा जाईल, मुलींची शाळा आहे, घाबरला. घाबरलेल्या माणसाला मी माफ केलं असतं, आपलंच माणूस आहे. पण मग ते खोकं आठवायचं. वहिनीचा चहा आठवायचा. साक्षीदाराकडे बघायचं नाही हे तू माझ्याकडून घोटून घेत होतास, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा तो साक्षीदार कोण असणार हे तुला ठाऊक होतं. तू सांगितलेला एकही नियम खोटा नव्हता. कुठल्याही वकिलानं तेच सांगितलं असतं. आणि त्याच नियमांनी तू माझा केसानं गळा कापलास. मला राग शिक्षेचा नाही रे, त्या बाईंची कमर मोडली त्यात माझेही हात होते. राग त्या बटणाचा आहे. माझ्याविरुद्ध बोलायचं ठरवून तू ते लावलंस.

मला तू एकदाही भेटायला आला नाहीस. वहिनी दोनदा आली, एकदा स्वेटर आणि एकदा नुसतं रडू घेऊन. आणि मी आत असतानाच तुझ्याकडे देखभालीला असलेली, कापडाच्या गोदामातली मालाची लिफ्ट पडली. एका हमालाचं पाऊल गेलं. तिथेही ब्रेकच, तिथेही झिजलेले पट्टे, तिथेही नव्या मेकॅनिकनं तुला आधी सांगितलेलं. फरक एवढाच की या वेळी बोट दाखवायला बारक्या नव्हता, तो आधीच गजांआड होता. नवा मेकॅनिक काही तुझा धाकटा भाऊ नाही. तो थेट पोलिसांकडे गेला, आणि आता दोन्ही लिफ्टचा आरोप तुझ्यावर आहे.

आता वहिनीचं. ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही, दारातच उभी राहून पाठ केलेलं म्हणाली. मी कोर्टात एवढंच सांगायचं की दादानं कधी कुठलं दुरुस्तीचं काम अडवून ठेवलं नाही, जे झालं ते आम्हा मेकॅनिक लोकांच्या हलगर्जीपणानं. म्हणजे एकदा माझ्यावर ढकललं ते पुरलं नाही, आता मी स्वतःच्या तोंडानं ते पुन्हा अंगावर घ्यायचं, वर त्या नव्या मेकॅनिक पोरालाही खड्ड्यात घालायचं. बदल्यात तू मला वर्कशॉपमध्ये परत घेशील म्हणे. तुझी कमाल आहे. सांगून झाल्यावर वहिनी हळूच म्हणाली, भावोजी, तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा. आणि गेली. उत्तर तिला नाही, तुला द्यायचं होतं.

तर ऐक. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव आहे, सरकारतर्फे पहिला साक्षीदार मी आहे. मी येणार आणि पहिल्या लिफ्टचं सगळं सांगणार, टेबलावरच्या पट्ट्यांपासून; दुसरीचं तो पोरगा सांगेल. वकील म्हणतात, तू कोरडा सुटणार नाहीस. पण सोमवारी साक्षी नाहीत. सोमवारी साहेब नुसता आरोप वाचून दाखवतील आणि तुला विचारतील, गुन्हा कबूल आहे का. तू नाही म्हणालास तर पुढच्या तारखेला माझ्या नावाचा पुकारा होईल, मी बोलेन, आणि त्यानंतर तुला दादा म्हणून हाक मारणं मला जमणार नाही. स्वतःला मी ओळखतो. तू हो म्हणालास तर कुणाच्याच साक्षीची गरज उरत नाही, मी वकिलांना नीट विचारून घेतलंय. आपल्या माणसाविरुद्ध उभं राहणं तुला जमलं, मला ते करायचं नाहीये. म्हणून हे पत्र लिहिलं. सोमवारी माझ्याआधी तू बोल, दादा.

अजून तरी तुझाच,
बारक्या