रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालू नये

मी, बाळाराम चांग्या घरत, वय एकोणऐंशी, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार गोडदेव, भाईंदर पूर्व, हे माझे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो देताना त्यांनी आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला आणि वर चौथीतली एक कविता चालीवर म्हणू लागलो, तेव्हा त्यांनी घाईने शिक्का मारला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वीट मात्र पुष्कळ गोष्टींचा आला आहे. वकील संजना म्हणाली, "काका, भावना कमी लिहा." प्रयत्न करतो.

१. घर. आमचे कौलारू घर पाडून बिल्डरने दिलेले दोन्ही फ्लॅट मुलगा धर्मेश याला. त्याने बैठकीची भिंत शेणाच्या रंगाने रंगवली आहे, त्याला हल्ली कॉफी म्हणतात. जेवताना तिकडे तोंड करून बसवत नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

२. ठेवी आणि पुस्तके. बँकेतले व पोस्टातले सर्व नात इशिता हिला. माझी शाळेची कवितांची पुस्तके, पहिली ते सातवी, तीही तिलाच. धर्मेशने ती एकदा रद्दीत घातली होती. मी रिक्षा करून रद्दीवाल्याला स्टेशनाजवळ गाठले. तो त्या पानांवर बसून वडापाव खात होता. अजून दोन पानांना तेल आहे.

३. गाडी. फियाट, साल १९५६, रंग मूळचा दुधी. या घाटणीच्या गाडीला लोक डुक्कर म्हणतात, माझ्या पश्चातही म्हणू नये. आमच्या मिठागरांच्या चांगल्या दिवसांत वडिलांनी ती वसईच्या एका डॉक्टरांकडून घेतली. माझी पत्नी कै. पुष्पलता लग्न होऊन याच गाडीतून आली. घोडबंदरच्या चढावर इंजिन तापले आणि नवरा-नवरी खाडीकडे तोंड करून रस्त्याकडेला उभे राहिले. मी तिला दोन कविता म्हणून दाखवल्या. दुसरी संपेपर्यंत इंजिन निवले. तेव्हापासून आमच्या घरात रेडिएटरचे झाकण उघडण्याआधी दोन कविता, सावकाश, हेच माप. वाफेने हात भाजण्यापेक्षा बरे.

ही गाडी पन्नास वर्षे माझा मित्र धाकू नामा तरे याने सांभाळली. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. त्याला एकही कविता पाठ झाली नाही, पण इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून पंख्याचा पट्टा सैल झाल्याचे तो ओट्यावरून सांगत असे.

अकरा वर्षांपूर्वी गाडी वरचेवर तापू लागली. काशिमिऱ्याच्या सिग्नलला पोचेपर्यंत काटा लाल पट्टीत. धाकूने रेडिएटर उतरवला, वरची टाकी उघडली. आत गंजाचा तांबडा चिखल आणि त्यावर पांढरी खपली. जाळीच्या निम्म्या नळ्या बुजलेल्या. वास असा, की मला दुपारी जेवण गेले नाही. धाकू म्हणाला, "बाला, तुज्या बावीचा पानी खारा झालाय. गारीत घालू नको."

बाव म्हणजे आमची विहीर. सात पिढ्या ज्या पाण्यात डाळ शिजली, ते खारे! गाडीला मी दुसरे पाणी कधी घातले नव्हते. मी चार माणसांत, मोठ्याने म्हणालो, "पाण्याला नाव ठेवू नकोस. जाळी तू बदललीस. तांबं विकून डुप्लिकेट माल बसवलास." धाकूने हात पुसले, फडके घडी करून बॉनेटवर ठेवले आणि गेला.

तीन दिवसांनी त्याची सून एक परात ठेवून गेली. त्याने आमच्या विहिरीचे पाणी परातीत भरून पत्र्यावर उन्हात ठेवले होते, मिठागरात ठेवतात तसे. पाणी उडून गेले होते, तळाशी काही पांढरे उरले होते. मी पुष्पलताला म्हणालो, "घासून ठेव." ती म्हणाली, "अहो, बघा तरी." मी बघितले नाही. परात आमच्याकडेच राहिली.

मग धर्मेश पुढे आला. "पप्पा, आता कोण तांब्या-पितळेचा रेडिएटर लावतं? नवीन फिट करून टाकू, टेन्शन खलास." पूनम सागर वसाहतीच्या बाजूला एका गॅरेजमध्ये त्याने ॲल्युमिनियमचा बसवून घेतला, वर काळी प्लास्टिकची टाकी. जुना भंगारात गेला. बॉनेट उघडले की आजीच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बघितल्यासारखे व्हायचे. आत हिरवे कूलंट, लग्नातल्या स्वस्त सरबतासारखे. मला शिसारी आली.

येथे एक कबुली देतो, ती धर्मेशने नीट वाचावी. ते कूलंट मी दुसऱ्याच दिवशी नळी काढून गटारात सोडले आणि विहिरीचे पाणी भरले. दीड वर्षात त्या रेडिएटरला बारीक भोके पडली आणि गाडी घोडबंदरला वाफ ओकत उभी राहिली. धर्मेश गॅरेजवाल्याशी भांडायला गेला. तो बिचारा विचारत होता, "अंकल, पानी कौनसा डाला?" धर्मेशने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "कूलंटच." त्या माणसाची चूक नव्हती.

पुष्पलता गेली. गाडी ताडपत्रीखाली गेली. गेल्या वैशाखात, कोणाला न सांगता, मी तीच परात विहिरीच्या पाण्याने भरून गच्चीवर ठेवली. चौथ्या दिवशी बोट लावून जिभेवर धरले. मिठागरावर जन्मलेल्या माणसाला मीठ ओळखायला दहा वर्षे लागली. मी थुंकलो. दोनदा चूळ भरली, तरी तोंड अजून स्वच्छ वाटत नाही.

पाणी का बिघडले तेही मला ठाऊक आहे. विहिरीभोवतीच्या शेतांत बांधकामासाठी मातीची भरणी टाकली, बांध गेले, खाडी आत आली. भरणीला संमती दिल्याच्या कागदावर पहिली सही माझी आहे. माझ्या लांबलचक आठवणींत ती सही कधी येत नाही, याची मला सर्वांत जास्त किळस येते.

म्हणून धाकूवर मी घेतलेला आळ खोटा होता असे येथे लिहून देतो, आणि <s>सदर गाडी, हत्यारांच्या पेटीसह, धाकू नामा तरे यास देतो.</s>

(खोडाखोड माझी. कारण पुढे.)

४. गाडी ज्याच्याकडे जाईल त्याने: जुन्या मापाचा तांब्या-पितळेचा रेडिएटर बनवून घ्यावा. इंजिनातले पाण्याचे मार्ग धुऊन मगच तो बसवावा, नाहीतर जुना चिखल नव्यात जाईल. रबरी नळ्या आणि झाकण नवे घ्यावे. थर्मोस्टॅट काढून फेकू नये. काही शहाणे फेकतात. शुद्ध पाणी व कूलंट घालावे. हिरव्या रंगाकडे बघू नये. काटा चढला तर थांबावे.

५. विहीर. बुजवू नये. झाडांनाही ते पाणी घालू नये. नुसती असू द्यावी.

खुलासा, सह्यांपूर्वी त्याच बैठकीत लिहिलेला. कलम ३ समक्ष वाचून दाखवावे म्हणून मी इशिताला पाठवून धाकूला बोलावले. तो काठी टेकत आला, खुर्चीत बसला आणि शेवटपर्यंत खाली बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "गारी घेऊन काय करू, बाला? माजे गुडघे गेले."

मी म्हणालो, "घे. मला बरं वाटेल."

"तुला बरा वाटाया मी गारी घेऊ?"

मी दाराकडे बघितले. दुसरा साक्षीदार अजून आला नव्हता. धाकूने विचारले, "मी सई केली तं?" संजना म्हणाली, "धाकूकाका, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या वाद होतो."

"म्हंजे सई केली तं गारी न्हाय?"

"नाही."

"मंग दे पेन."

तेव्हा गाडी व हत्यारे इशिताला. ती म्हणाली, "आजोबा, मला दोन कविता पाठ नाहीत." धाकू म्हणाला, "मला पन न्हाय. गप बसाचा नि वाट बघाची. रेडिएटर काढशील तवा मला बोलव."

सही करण्याआधी त्याने एकच गोष्ट मागितली. "माजी परात." ती घासून त्याला आजच परत दिली आहे. ती माझ्या मालमत्तेत धरू नये.

स्थळ: गोडदेव, भाईंदर पूर्व
दिनांक: ९ मार्च २०२५

लिहून देणार: बाळाराम चांग्या घरत (सही)

आमच्यादेखत त्यांनी सही केली, त्यांच्यादेखत आम्ही:
१. प्रभावती गजानन केणी, शेजारी, निवृत्त शिक्षिका (सही)
२. धाकू नामा तरे, मित्र (सही)