अक्कांची आवराआवर

१२ जानेवारी

वर माळा, खाली अक्का, मध्ये स्टुलावर मी! अख्खा रविवार धुळीत गेला.

सगळं त्या घंटागाडीमुळे. परवा गाडीवाल्याने आमची बादली तशीच परत ठेवली – ओला-सुका कचरा एकत्र होता म्हणून. गल्लीच्या देखत! सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, ते फार लागलं. "देवपूरमा इतला वरीस ऱ्हायनू, कोनी मनी बादली परत करी नही!" दुसऱ्याच दिवशी घरात दोनाच्या चार बादल्या झाल्या. भाजीची देठं, सालं गच्चीवरच्या ड्रममध्ये. आता त्यांचं खत होणार म्हणे.

तेवढ्यावर भागेल तर त्या अक्का कसल्या! आता माळा. झाकणं नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं, माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, बंद पडलेला रेडिओ, दोन मेलेले मिक्सर, पंखा. माझा नवरा स्वप्नील खालून ओरडला, "आई, भंगारात दे ना सगळं!"

"फेकानं नही रे. ज्याले कामनं शे त्याले देवानं."

म्हणजे आता एकेका वस्तूसाठी माणूस शोधायचा. माझी कंबर गेली.

१५ जानेवारी

संक्रांतीचं वाण – यंदा प्लास्टिकच्या वाट्या नाहीत. अक्कांनी जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवल्या. एकीने तोंड वाकडं केलं. "पिशवी? वाण म्हणून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का शांतपणे तिच्या हातावर तिळगूळ ठेवून मोकळ्या.

आज भाजीबाजारात तीच बाई दिसली. खांद्याला आमची पिशवी, आत वांगी!

२२ जानेवारी

आज आबांच्या खोलीतली हवेची गादी आणि वॉकर गेला.

आबांना जाऊन चार वर्षं झाली. शेवटचे महिने ते या गादीवरच होते. मी कितीदा म्हटलं असेल, कुणाला तरी देऊ – अक्का विषयच बदलत. काल गल्लीतल्या मदिनाभाभी आल्या. त्यांचे रहीमभाई कामावरून पडले, मांडीत रॉड टाकलाय. पाठीला चट्टे पडायला लागलेत, भाभी सांगत होत्या. अक्का उठल्या. गादी डेटॉलच्या पाण्याने पुसली, उन्हात टाकली, पंप लावून कुठे हवा जाते का पाहिलं. आज स्वतः घेऊन गेल्या. मी सोबत.

गादी फुगली, रहीमभाईंना वळवून वर घेतलं. ते डोळे मिटून म्हणाले, "अल्ला... पाठीला पाठ मिळाली."

येताना अक्का चालता चालता एवढंच म्हणाल्या, "तेस्ले बी असंच बरं वाटे." तेस्ले म्हणजे आबांना. मग रस्ताभर मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. एरवी सोडवतात – "मी काय म्हातारी शे?"

२६ जानेवारी

झेंडावंदन करून शाळेतून आले तर अक्का पलंगभर औषधं मांडून बसलेल्या. तारीख उलटलेली. मी म्हटलं, मोरीत ओता. "आन ते पानी जाई कोठे? पांझरा नदीमाच ना!" शेवटी ओळखीच्या दवाखान्यात विचारलं. त्यांच्या औषधी कचऱ्याबरोबर त्यांनी घेतली. घड्याळांचे सेल, जुने मोबाईल – ते कॉलेजच्या ई-कचऱ्याच्या पेटीत.

हरले मी. आमच्याकडे आता टाकायचंसुद्धा विचारून टाकावं लागतं.

२ फेब्रुवारी

अमळनेरहून निंबा नाना आले. मिलमध्ये फिटर होते, निवृत्त. बंद वस्तू दुरुस्त करतात आणि गरजूंना देतात. मदिनाभाभींनी पत्ता दिला. उंच, पांढरेशुभ्र केस, बोलायला मऊ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सुरतेला. एकटेच राहतात.

ओट्यावरच मिक्सर उघडला. दोन मिक्सर मिळून एक चालू झाला! अक्का लगेच आत जाऊन शेंगदाणे घेऊन आल्या. चटणी वाटून बघितली, नानांच्या ताटात भाकरीबरोबर तीच वाढली. नाना म्हणाले, "मिक्सर चांगला झाला का चटणी, हे सांगता यायचं नाही." अक्का हसल्या. मोठ्याने! स्वप्नील आतून बघायला आला, काय झालं म्हणून.

रेडिओ मात्र नेला त्यांनी. म्हणाले, याला वेळ लागेल.

९ फेब्रुवारी

नाना परत. पंखा न्यायला. अक्कांनी भरीत केलं, कळण्याची भाकरी, वर मेथीचे लाडू डबाभर. आम्हाला मात्र एकेकच! स्वप्नील म्हणाला, "आपणही जरा बंद पडू या."

१६ फेब्रुवारी

आज हसू येत नाहीये.

अक्कांनी स्वतःचं कपाट उघडलं. तासाभरात रिकामं. लग्नातला शालू माझ्या मांडीवर. पाटल्या माझ्या हातात. "ठेव. तुनाच शेतस." बाकीच्या साड्या तीन ढिगांत – गोधडीला, मदिनाभाभींच्या सुनेला, कामवाल्या बाईंना. स्वतःकडे ठेवल्या मोजक्या. तांब्याचा बंबसुद्धा पुसून माझ्या नावाने ठेवला.

मी म्हटलं, "अक्का, एवढी काय घाई आहे?"

"वेळेवर करेल बरं ऱ्हास, पोरी."

माझ्या आईनेही असंच केलं होतं. शेवटच्या वर्षी माहेरी फैजपूरला गेले की काहीतरी हातात द्यायची – एकदा पितळी डबा, एकदा कानातले. मी आनंदाने घेऊन यायची. तिला माहीत होतं. मला नव्हतं.

पाटल्या हातात घालवत नाहीत. देवाजवळ ठेवल्यात.

१८ फेब्रुवारी

स्वप्नीलला सांगितलं. म्हणाला, "काहीतरीच तुझं." पण सकाळी चहा पिताना तो आईच्याच चेहऱ्याकडे बघत होता.

२० फेब्रुवारी

अक्का बारीक झाल्यात. नक्की झाल्यात. ब्लाऊज सैल होतंय. मध्येच गप्प बसतात, एकट्याच हसतात. विचारलं तर – "काही नही."

शनिवारी अमळनेरला गेल्या होत्या, एसटीने, एकट्या! जुनी इस्त्री द्यायला म्हणे. इस्त्रीसाठी अमळनेर! कुणा डॉक्टरला तर दाखवत नसतील, आमच्यापासून लपवून?

२४ फेब्रुवारी

खोटं बोलून दवाखान्यात नेलं. माझी तपासणी आहे, सोबत चला म्हटलं. तिथे दोघींचं रक्त काढायला लावलं. रागावल्या खूप. रिक्षात तोंड फिरवून बसल्या.

संध्याकाळी रिपोर्ट. साखर नॉर्मल, बीपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "सासूबाईंचं हिमोग्लोबिन तुमच्यापेक्षा बरं आहे, ताई. गोळ्या तुम्हालाच लिहून देतो."

मग ही निरवानिरव कशासाठी? सगळं काही रक्तात थोडंच दिसतं!

५ मार्च

आज राहवलं नाही. त्या गच्चीवर ड्रममधलं खत चाळत होत्या. काळंभोर, भुसभुशीत झालंय. मी जवळ बसले आणि बोलायच्या आधी रडायलाच लागले. "अक्का, खरं सांगा. काय होतंय तुम्हाला? मी आईच्या वेळी ओळखलं नाही. तुम्ही तरी लपवू नका."

त्यांनी चाळणी खाली ठेवली. मग मातीचे हात पदराला पुसून मला जवळ घेतलं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रात्री माहेरच्या आठवणीने रडत होते, तेव्हा घेतलं होतं तसं.

"येडी व्हयनी का तू? माले काहीच नही व्हयनं."

"मग घर रिकामं का करताय?"

त्यांनी चाळणी पुन्हा उचलली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या – उन्हाने असेल. "आयतवारले बठ्ठं सांगसू. स्वप्नीलबी घर राही. तोपर्यंत रडू नको, मनी आन शे."

रविवारपर्यंत थांबायचं ठरवून मी नाक पुसलं. त्यांनी ओंजळभर खत माझ्या मोगऱ्याला घातलं.

८ मार्च

स्वप्नील आणि मी – दोघंही नीट जेवलो नाही. अक्का मात्र पुरण शिजवतायत!

९ मार्च

अक्का आजारी नाहीत. अक्का लग्न करतायत! कपाट रिकामं केलं ते अमळनेरला जायचं म्हणून!

निंबा नाना आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढे. अक्का खाली मान घालून म्हणाल्या, "एकटीनं ऱ्हावानं नही आते. तुम्हना होकार पाहिजे." मी तिथेच बसून रडले, हसले, दोन्ही. स्वप्नील उठून ओट्यावर गेला. आत आला, जेवला. पुरणपोळी पुन्हा घेतली नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

नाना निघाले तेव्हा तो एसटी स्टँडपर्यंत सोडायला निघाला. गाडीवर बसता बसता म्हणाला, "नाना, तिला झोपताना कपभर दूध लागतं. साखर नको."