पलंगाखाली वाकून कोणी पाहिलं?

४ नोव्हेंबर, मंगळवार

लगागा लगागा लगागा लगागा — बाकावर बोटांचा ठेका. सकाळपासून कानात तोच. शाळेत कविता मी म्हणायचो, ठेका रत्नाकर धरायचा. प्रार्थनेला मात्र तो तोंड मिटून उभा! मग मीही मिटलं.

काल त्याची बायको विजया गेली. आज तेलीबांध्याला त्याच्या घरी जाऊन आलो. त्याचा हात धरून बसलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रत्नाकरचा फोन. "देवदत्ता, बुधवारी सकाळी खारून नदीच्या घाटावर ये. विजयाचा दहावा करून राहिलो."

मला थट्टा वाटली. "तू? पिंडाला बसणार?"

"हव. तिची इच्छा होती."

तिची इच्छा! आणि माझ्या कुमुदची नव्हती? शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मनगट धरून म्हणाली होती — माझं सगळं रीतसर करा हो. मी करणारही होतो. गुरुजींना सांगून झालं होतं. हाच आला, भरल्या घरात म्हणाला, "मेलेल्या माणसाले भात लागत नाही, देवदत्ता. आज वाकलास तर आपलं जन्मभराचं बोलणं खोटं." गुरुजींना परत पाठवलं. कुमुदच्या बहिणीनं तेव्हापासून या घरचं पाणी घेतलेलं नाही.

फोन ठेवून दिला मी. तो बोलत होता, तरी.

७ नोव्हेंबर

बूढ़ा तालाबाला एकट्यानंच चक्कर. जेवण नको वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

स्वतःच आला. दाढी वाढलेली, शर्टाची गुंडी चुकलेली. विजया असती तर त्याला तसं बाहेर पडू दिलं नसतं.

मी विचारलं, "तुझा तर्क कुठं गेला?"

"आहे तिथंच आहे. देव नाहीच. पण तिले शब्द दिला ना, बाप्पा."

"शब्द मीही दिला होता!"

मग म्हणतो, "तवा मले वाटलं, तुलेही पटलंच आहे."

पटलंच आहे! चहा तसाच ठेवून गेला.

कॉलेजात हा म्हणायचा — "देव नाही म्हणायले श्रद्धा काहून लागते? पलंगाखाली वाघ नाही, हे वाकून पाहिलं की झालं." टाळ्या पडायच्या. सगळ्यांत जोरात माझ्या. आज कळतंय — वाकून पाहिलं त्यानं. मी नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लोक मूर्तीपुढे डोळे मिटतात, मी याच्यापुढे मिटले. मग माझं ते काय होतं? नास्तिकपण की भक्तीच? आणि आता माझा देवच धोतर नेसून घाटावर निघाला!

११ नोव्हेंबर, मंगळवार

कुमुदच्या फोटोपुढे हात जोडून पाहिले. सहज जुळले. पण पलीकडे कोणी आहे असं काही वाटलं नाही. हे मात्र माझं मला कळलं, पहिल्यांदाच, कोणी न सांगता. आनंद झाला नाही.

उद्या जाणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दार वाजलं. दूधवाला समजून उघडलं, तर रत्नाकरची गंधाली! घाटावरून थेट. ओढणी ओली, पायांना चिखल.

"काका, चलिए ना. कौआ पिंड को छू ही नहीं रहा. बाबा सब वचन दे चुके — घर का, मेरा, सबका. गुरुजी भी थक गए."

"मग मी येऊन काय करू, पोरी?"

मराठीत बोलायला लागली, अडखळत. "बाबा म्हणतात, आईची एकच इच्छा राहिली — कुमुदकाकूचं रीतसर व्हावं. ते करायला त्यांनी तुम्हाला अडवलं, म्हणून आई त्यांच्याशी भांडायची. नेहमी. बाबांनी दुसरा पिंड करून ठेवला आहे. काकूचा. त्याला हात नाही लावत. म्हणतात, हा देवदत्तच ठेवेल."

ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. लिहीत काय बसलोय — धोतर शोधायचं आहे.