घरच्या माणसाचा प्रश्न

चि. ठकूस आशीर्वाद,

तू फोनवर विचारतेस, "बाबा, करमतं ना?" मी म्हणतो, "अगं, माणसांतून उसंत मिळत नाही." खरं म्हणजे मी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलंय. लिहिण्याचा आणि चर्चेचा वर्ग आहे. सातवीत सुटलेली शाळा आत्ता धरली, हसू नकोस.

बाई तुझ्याच वयाच्या, पण कडक. अर्धे गुण लिहिण्याला, अर्धे वर्गात बोलण्याला. मी अजून तोंड उघडलेलं नाही. दिवसभर आवाज वापरला नाही की आधी घसा खाकरावा लागतो, तोवर दुसरं कोणी बोलून मोकळं होतं.

शिवाय निबंध घरच्या माणसाला वाचून दाखवायचा आणि त्याने काय प्रश्न विचारला ते वर्गात सांगायचं. त्याशिवाय तपासत नाहीत. मी तुझ्या आईच्या शिवणयंत्राविषयी लिहिलंय. तुला वाचून दाखवायला फोन केला, तर तू म्हणालीस, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, पटकन सांगा." मी म्हटलं, "काही नाही गं, सहज."

मग प्रश्न मीच रचला: यंत्र अजून का ठेवलंय? पण बाई हटकून विचारतील, "काका, हे घरात कोणी विचारलं?"

उद्या शेवटची मुदत. घसा खाकरून खरं तेच सांगेन, की घरी विचारणारं कोणी नाही. बोलण्याचे गुण तरी मिळतील.

हे पत्र पाठवत नाही. तू उगाच काळजी करशील.

तुझा, माणसांत रमलेला,
बाबा