दहापैकी दोन

निडाल, नॉर्थ डकोटा
मार्चचा तिसरा रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय लाइल,

(पाकिटावर ‘सन्माननीय आमदार’ लिहिलंय, आत मात्र तू लाइलच. ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं त्याला सन्माननीय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.)

थोरल्या बहिणीचे तुला पोटभर आशीर्वाद. तिकडे बिस्मार्कला अधिवेशनात बसून बसून तुझी पाठ धरली असेल. खुर्चीत उशी घेत जा, लाजू नकोस. इकडे कालपर्यंत बत्तीस वासरं झाली, त्यात एक जुळं. परवा रेडिओवर तुझं भाषण ऐकलं. खेड्यातल्या इस्पितळांत निवासी डॉक्टर शिकवायला राज्यानं पैसा का ओतावा, तीन वर्षं आपल्या खर्चानं शिकतील आणि मिनियापोलिसला पळतील, असं म्हणालास. आवाज छान लागला होता. गुरुवारी त्या पैशावर मतदान आहे हेही कळलं. पण हे पत्र त्यासाठी नाही बरं का. आमदारांच्या कामात नाक खुपसणारी मी नव्हे. मी आपली खुशाली कळवायला बसलेय.

तर खुशाली अशी की गेल्या महिन्यात तुझे मेहुणे मरता मरता वाचले. (फोनवर मुद्दाम सांगितलं नाही. तू लगेच गाडी काढली असतीस, आणि रस्ताभर बर्फ होता.)

आता हे सांगायचं तर आधी डॉक्टरीणबाईंबद्दल सांगायला हवं. तुला आठवत असेल, अकरा वर्षं आमच्याकडे डॉक्टर म्हणजे दर मंगळवारी मायनॉटहून येणारे एक गृहस्थ, आणि वादळ असलं की तेही नाहीत. म्हणजे आजारी पडायचं ते मंगळवारी, आणि हवा बघून. मग राज्यानं इस्पितळाला निवासी डॉक्टरांच्या दोन जागा दिल्या, त्यांना शिकवायला एक मोठे डॉक्टर कायमचे आले, आणि न्यू जर्सीहून आली ही रोझान पलुंबो. बोलायला लागली की खिडकीच्या काचा वाजतात. तिच्या गावी म्हणे बोट कापलं तरी तीन गल्ल्यांना कळतं. अशी मुलगी आली कुठे, तर आपल्याकडे, जिथे माणूस ट्रॅक्टरखाली सापडला तरी ‘तुमचा वेळ घेतला, माफ करा’ म्हणतो.

ती प्रत्येकाला विचारायची, एक ते दहात किती दुखतंय? आणि आपला प्रत्येक माणूस सांगायचा, दोन. (एक म्हटलं तर मग आलात कशाला असं वाटेल, आणि तीन म्हणजे कांगावा.) बिचारीनं पहिले काही महिने ते खरं मानलं. आपली हुल्डा मावशी चर्चच्या तळघरात पाय घसरून पडली, तिनंही दोनच सांगितलं. मलम घेऊन घरी आली आणि रविवारी ऐंशी माणसांना कॉफी वाढली. तिसऱ्या दिवशी फोटो काढला तर खुब्याचं हाड चिरलेलं. डॉक्टरीण रडकुंडीला आली. “अहो आजी, सांगितलं का नाहीत?” तर मावशी म्हणते, “तू कामात दिसलीस, बाळ.”

तेव्हापासून रोझाननं कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. मी स्वतः वाचलाय. दोन म्हणजे आठ. ‘तसं बरंय’ म्हणजे ताबडतोब तपासा. बायको सोबत असेल तर बायकोला विचारा. वासरांच्या हंगामात पुरुषमाणूस आपणहून आला तर आधी हेलिकॉप्टर बोलवा.

तुझे मेहुणे काही आपणहून गेले नव्हते. वासरू ओढायच्या साखळीत बोट चिरडलं, हे त्यावर चिकटपट्टी गुंडाळत होते, मी कान धरल्यासारखं गाडीत घातलं. रोझान टाके घालत होती. सहज म्हणाली, “बाकी कसं आहे, आर्विड?” हे म्हणाले, “तसं बरंय,” आणि जबडा चोळला. मला वाटलं दाढ. तिचा हात थांबला. “दहापैकी किती?” “दोन.” “अरे देवा!” अशी ओरडली की बाहेर बसलेल्या सगळ्यांनी शरमेनं आपापल्या बुटांकडे पाहिलं. मग नुसती धावपळ. छातीचा आलेख काढला, हृदयाचा झटका निघाला, मोठे डॉक्टर पळत आले, रक्ताची गुठळी विरघळायचं इंजेक्शन दिलं. आणि हे खाटेवरून तिला विचारतायत, “घरी गाय अडलीय, अर्ध्या तासात उरकेल का?” मायनॉटच्या मोठ्या इस्पितळात पोचल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले, हे इंजेक्शन तिथल्या तिथे मिळालं नसतं तर इथवर आलेच नसते. लाइल, तोवर मी बाहेरच्या बाकावर यांची टोपी मांडीवर घेऊन बसून होते.

आभार मानायचे म्हणजे आपल्याला संकट. मी खिमा-भाज्यांची हॉटडिश भाजली, वर बटाट्याचा चांगला जाड थर, आणि तिच्या दारात जाऊन म्हटलं, “जास्तीची झाली होती.” तिनं मला मिठी मारली. दारात, दिवसाढवळ्या! मी खांबासारखी उभी. मग काय झालं कोण जाणे, मीच रडायला लागले आणि म्हणाले, “पोरी, माझा माणूस तू मला परत दिलास. हे उपकार कसे फेडू?” तिनं मला आत नेऊन बसवलं. म्हणाली, जूनमध्ये शिक्षण संपतंय, तिला इथेच राहायचंय, नव्या पोरांना आपली भाषा शिकवायचीय. पण पैसा थांबून या जागा गेल्या तर मोठे डॉक्टरही जातील, आणि एकटीनं रात्रंदिवस इस्पितळ ओढणं तिला झेपायचं नाही. मग तिलाही जावं लागेल. तो कपाटातला कागद कोण वाचणार मग?

असो. माझी खुशाली संपली. स्वतःला जप, गरम मोजे घालत जा.

तुझी ताई,
व्हर्ना

ता. क. हे पत्र त्यासाठी नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. त्यासाठीच आहे. गुरुवारी हो म्हण.

ता. क. शिकून पळतात म्हणालास. तुला आम्ही शिकवलं, तूही बिस्मार्कला पळालास. आम्ही रेडिओवर गेलो का?

ता. क. नाताळला जेवायला तू इथेच येणार आहेस. ताटात वाढणारी मी आहे.

लाइल, टपालात टाकायला व्हर्नानं पाकीट माझ्याकडे दिलंय. डिंक ओला होता म्हणून उघडलं. त्या दिवशी फार दुखत होतं रे. गोठ्यातच कळलं होतं, आता मी जातो. भीती वाटली. इतकी कधी वाटली नव्हती. तुझं मत तू बघ, पण हे तुला माहीत असावं. व्हर्नाला सांगू नकोस. – आर्विड